काचेवरचे दोन थेंब

जनावरांच्या त्या डॉक्टरला एक खोड होती. रोग्याचं रक्त काढलं की ते बारीक काचेच्या नळीत भरायचं, यंत्रात घालून गरगरा फिरवायचं आणि मग ती नळी मालकाच्या नाकासमोर धरायची. त्याशिवाय त्याला चैनच पडत नसे. मालक बिचारा कुत्र्याच्या काळजीने अर्धा झालेला, आणि हा आपला सांगतोय की खाली हा लाल थर दिसतो ना, या तांबड्या पेशी, श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवणारे हमाल. त्यांच्यावर ही पांढरी रेघ दिसते का, नीट बघा, केसाएवढी आहे, ते पहारेकरी. जखम झाली की भोक बुजवणारे गवंडीही तिथेच. आणि सगळ्यांत वर हे पिवळसर पाणी. अन्न, मीठ, ऊब, औषध, सगळी वाहतूक यातून चालते. लोक माना डोलवायचे, आणि विचारायचे एवढंच, की वाचेल ना?

त्याची बायको म्हणायची, "बघायला आला होतात तेव्हा ही नळी काढली असती, तर मी तिथूनच उठून गेले असते." पण खरं सांगायचं तर लोकांना ते आवडायचं. आपल्याला कुणी काही समजावून सांगतंय याने माणसाला धीर येतो. हा गृहस्थ जनावरांच्या मालकांना सगळं सांगायचा, आणि घरच्यांना काही म्हणजे काही सांगायचा नाही. त्याचा सगळा घोटाळा तिथे होता.

दोन गल्ल्या सोडून त्याच्या धाकट्या बहिणीचं कपडे धुण्याचं दुकान होतं. मोठी यंत्रं, वाफेच्या इस्त्र्या, आणि पुढे काउंटरवर डाग पारखायला लावलेला पांढरा दिवा. त्यांची आई दोघांना मिळून चिडवायची, की माझी दोन्ही पोरं रक्तावर पोट भरतात, एक चढवतो आणि एक काढते. बहीण रक्ताचा डाग गार पाण्यात काढायची. गरम पाण्यात घातला की तो कापडात शिजून बसतो आणि मग देव आला तरी निघत नाही, असं ती गिऱ्हाइकांना दटावून सांगायची. भावाचे डॉक्टरी कोट तिच्याचकडे जायचे, आणि ते असे पांढरेशुभ्र होऊन यायचे की हा माणूस दिवसभर बसून नुसता चहा पितो की काय, असं वाटावं.

मग आई गेली, आणि कोट जायचे थांबले.

झालं ते असं. आई शेवटी शेवटी मुलाकडे राहत होती. बहीण नव्या यंत्राचं काम शिकायला परगावी गेली होती, आणि इकडे आईला ताप भरला. याने ठरवलं, की उगाच तिला कशाला घाबरवा, उद्यापर्यंत उतरेल. उद्या उतरला नाही, तरी त्याने पुन्हा तेच ठरवलं. आईने दोनदा विचारलं, धाकटी कुठे आहे? तेव्हा तो म्हणाला, येतेय. बहीण आली ती आई गेल्यावर. ती रडली नाही, भांडली नाही. भरल्या घरात सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "तू मला कळवायला हवं होतंस, दादा. यायचं की नाही ते मी ठरवलं असतं." मग तिने आईचं मांजर उचललं, टोपलीत घातलं आणि निघून गेली. त्या घरातून तिने दुसरी काडीही नेली नाही.

मांजराचं नाव बाईसाहेब. चपट्या तोंडाची, राखाडी, परदेशी जातीची, आणि तोऱ्यात अशी की आईसुद्धा तिला विचारून खुर्चीत बसायची. आईच्या मांडीवर वाढलेली. बहिणीकडे ती दुकानात धुतलेल्या दुलयांच्या ढिगावर राहू लागली.

पुढे कित्येक वर्षं भाऊ-बहीण बोलले नाहीत. रस्त्यात समोरून आले की ती दुकानांच्या पाट्या वाचायची. याने लाजेखातर आपले कोट लांबच्या एका धुलाईवाल्याकडे टाकायला सुरुवात केली. तो पठ्ठ्या सगळं गरम पाण्यात उकळायचा. डॉक्टरच्या कोटांवर तपकिरी नकाशे उठले ते कायमचे. डॉक्टर माणूस वाईट नव्हता हो. फक्त आपल्या चुकीचा विषय निघाला की तो मनातल्या मनात उद्यावर ढकलायचा, आणि उद्या काही येत नसे.

आणि मग एका सकाळी बहीण टोपली घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली. तिच्या इमारतीत उंदरांसाठी विष टाकलं होतं. ते खाल्लेला एखादा अर्धमेला उंदीर बाईसाहेबांनी धरला असावा. आदल्या संध्याकाळी उशीवर रक्ताचा ठिपका दिसला होता, हिला वाटलं दात लागला असेल. सकाळी बघते तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, पोटाच्या कातडीखाली निळे डाग, आणि श्वास वरच्या वर. बहिणीने टोपली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "दादा, काही कर. आईची म्हणून एवढीच राहिलीय."

दादा म्हणाली. इतक्या वर्षांनी. त्याने हात धुतले आणि कामाला लागला.

काम त्याला येत होतं, त्यात शंका नाही. रक्ताचा थेंब काचेवर घेतला तर तो पाण्यासारखा पसरला, गोठेच ना. त्याने ओळखलं, विषच. रक्त गोठायला जी द्रव्यं लागतात ती यकृत बनवतं, आणि ते काम या विषाने बंद पाडलेलं. त्यावर उतारा होता, आणि तो त्याने लगेच टोचला. पण उतारा अंगी लागायला वेळ घेतो, आणि मधल्या वेळात मांजर आतल्या आत रिकामं होत जातं. म्हणून रक्त चढवायचं. ताज्या रक्तातून हमालही मिळतात आणि गोठवणारी द्रव्यंही मिळतात. दवाखान्यात रक्त द्यायला एक बोका पाळलेला होता. गल्लीतून आलेला, आडदांड, नाव रेडा. खाऊन झोपणं आणि अधूनमधून रक्त देणं, एवढीच त्याची नोकरी.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डॉक्टरचा सगळा हात बसलेला कुत्र्यांवर. कुत्र्याला पहिल्यांदा कुठल्याही कुत्र्याचं रक्त दिलं तरी बहुधा खपून जातं. परकं रक्त ओळखायला त्याच्या शरीराला एकदा अनुभव यावा लागतो, दुसऱ्या वेळी मात्र तपासावंच लागतं. मांजराचं तसं नाही. मांजर जन्मापासूनच संशयी. काही मांजरांच्या रक्तात दुसऱ्या गटाच्या रक्ताविरुद्ध हत्यारं आयुष्यभर परजून ठेवलेली असतात, आणि चुकीचं रक्त चढलं की पहिल्याच वेळी, उभ्या उभ्या घात होतो. गल्लीतली मांजरं बहुतेक सगळी एकाच गटाची, त्यामुळे वेळ निभावून जाते. पण या चपट्या तोंडाच्या परदेशी मांजरांत दुसऱ्या गटाची पुष्कळ निघतात. हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठी फार काही करावं लागत नाही, हेही ठाऊक होतं. रोग्याच्या रक्तातलं वरचं पिवळं पाणी घ्यायचं, देणाऱ्याच्या तांबड्या पेशींचा थेंब घ्यायचा, दोन्ही एका काचेवर मिसळायचे आणि बघायचं. गुळगुळीत राहिलं तर जुळलं. रव्यासारखे दाणे पडले तर नाही. पाच-सात मिनिटांचं काम.

दवाखान्यातल्या मावशींनी सवयीने काच पुसून पुढे ठेवली. मावशी तिथे त्याच्याहून जुन्या, जनावर धरावं तर त्यांनीच. त्या म्हणाल्या, "काच झाली, डॉक्टर."

त्याने काच बाजूला सारली. म्हणाला, वेळ नाही.

वेळ होता. खरं तर रेड्याला धरून त्याचं रक्त काढण्यातच तेवढा वेळ गेला असता. पण समोर खुर्चीच्या कडेवर बहीण बसली होती आणि त्याच्या हातांकडे बघत होती. त्याला वाटलं, ही बघतेय तर हात थांबता कामा नयेत. आज एकदा हिला दिसू दे, भाऊ कसा आहे तो. एवढ्या साध्या मोहापायी माणूस मती गहाण टाकतो. आणि बहिणीने विचारलंही होतं, की आधी काही तपासावं लागतं का? त्यावर हा म्हणाला, तू काळजी करू नकोस, मी आहे ना.

रेड्याचं रक्त बाईसाहेबांच्या शिरेत जायला लागलं. थोडंसंच गेलं असेल. बाईसाहेबांनी मान ताणली, कधी काढला नव्हता असा एक आवाज काढला, ओकल्या, आणि त्यांचा श्वास लांबत लांबत गेला. त्याने नळी बंद केली. जी इंजेक्शनं द्यायची ती दिली, छाती दाबली. खालचा टॉवेल गडद लाल लघवीने भिजला. बहिणीने उठून मांजराचं डोकं तळव्यात घेतलं, आणि ते तिथेच जड झालं.

बहीण तोंड धुवायला आत गेली तेव्हा त्याने शेवटचं काढलेलं रक्त यंत्रात फिरवलं. नळी उजेडाकडे धरली. रक्त चढवण्याआधी फिरवलेल्या नळीत वरचं पाणी फिकट पिवळं होतं, ते आता सरबतासारखं लाल झालं होतं. तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग पाण्यात उतरला होता. विषाने असं होत नाही. असं कशाने होतं, ते त्याने आजवर किती लोकांना समजावलं असेल. त्याने नळी मोरीत फोडली आणि वरून पाणी सोडलं. मावशींनी ते पाहिलं आणि त्या टॉवेल उचलून घेऊन गेल्या.

बहीण बाहेर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काल संध्याकाळीच आणायला हवी होती. ठिपका दिसला तेव्हाच. मीच उशीर केला."

इथे बोलायचं होतं. एक वाक्य. तो तोंड उघडून उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून निघालं ते असं: "विष फार भिनलं होतं."

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईच्या वेळी जे रडली नव्हती ते सगळं त्या तपकिरी डागांच्या कोटावर रडली. आणि मग डोळे पुसता पुसता तिची नजर त्या डागांवर गेली. "हा कोट कुणी धुतला?" तिने विचारलं. "सगळे दे माझ्याकडे. माझ्या भावाच्या अंगावर असा कोट दिसला तर माझ्या दुकानाची अब्रू जाईल."

अशी बहीण परत आली. सांगा बघू, अशा वेळी कोण खरं बोलेल? पुष्कळ लोक बोलले असते. हा नाही बोलला.

त्यानंतरचे महिने त्याच्या आयुष्यातले चांगले महिने होते, आणि त्यातला एक घासही त्याला धड गोड लागला नाही. रविवारी बहीण जेवायला यायची. तिचं आणि वहिनीचं जमलं, म्हणजे दोघी मिळून त्याची टर उडवू लागल्या. आईच्या गोष्टी निघायच्या. मुलं आत्याला सोडेनात. जुने डाग काही निघाले नाहीत, तेव्हा तिने त्याला नवे कोट शिवायला लावले आणि जुने दुकानात पुसायला घेतले. पण प्रत्येक रविवारी कधीतरी, भांडी आवरताना नाहीतर जाताना चपला घालताना, ती तेच बोलायची. तो ठिपका. ती उशी. "मी डागांची बाई, आणि मला डाग बघून कळलं नाही, दादा." आणि तो म्हणायचा, जाऊ दे आता, किती दिवस तेच.

किती दिवस तेच, असं तो कुणाला म्हणत होता? घरी परतल्यावर ती बाई एकटीने ते उगाळत बसत असेल, हे त्याला कळत होतं. दर शनिवारी तो ठरवायचा की उद्या सांगायचं. रविवारी ती हसत आत आली की त्याला वाटायचं, आज नको. आज ती खुशीत आहे. आई विचारत होती तेव्हाही त्याने असंच काहीसं ठरवलं होतं, पण ते त्याने स्वतःला आठवू दिलं नाही.

मग बहिणीने नवं मांजर आणलं. बाईसाहेबांच्याच जातीचं, चपट्या तोंडाचं, पण तोरा अजिबात नाही, कुणाच्याही मांडीवर बसणारं. हिचं नाव ठेवलं ठमी. ठमी पुरती वाढली तशी बहिणीने एक दिवस भावाला सांगितलं, की तुझ्या रेड्याने बाईसाहेबांसाठी रक्त दिलं होतं, ते फुकट गेलं खरं, पण त्याने दिलं होतं. तर आता कुणाच्या मांजराला लागलं तर ठमीचं घे. मला तेवढंच बरं वाटेल. डॉक्टर म्हणाला, लहान आहे अजून. पुढच्या वेळी म्हणाला, वजन भरू दे. त्याच्या पुढच्या वेळी त्याने विषयच बदलला, तेव्हा वहिनी म्हणाली, अहो, ती एवढं म्हणतेय तर घ्या की, तुमचं काय जातंय. काय जात होतं ते त्याला एकट्यालाच माहीत. ठमीचं रक्त घ्यायचं म्हणजे आधी जुळवून बघायचं, आणि ते बहिणीच्या डोळ्यांदेखत.

शेवटी वेळ आलीच. गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या बनवणारा एक म्हातारा बसायचा. तो एका दुपारी आपलं मांजर शर्टाच्या आत धरून धावत आला. मांजर चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पडलं होतं. आतून रक्तस्राव. डॉक्टरने मांजराचं तोंड वर केलं आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. तसंच चपटं तोंड.

या वेळी काच त्याने स्वतः मागितली. मांजराचं पिवळं पाणी घेतलं, रेड्याच्या रक्ताचा थेंब घेतला आणि काच हलकेच हलवली. दाणे पडले. भराभर पडले, वाकून बघायचीही गरज नव्हती. बाईसाहेबांच्या वेळी ही काच केली असती तर तिच्यावरही असेच पडले असते. तो बघत राहिला. मावशी शेजारी उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "ताईंची ठमी आहे, डॉक्टर."

म्हणजे त्यांनाही दिसत होतं. किल्लीवाला दाराशी उभा राहून टोपी चुरगाळत होता. त्याने एकदाही विचारलं नाही की वाचेल का, आणि ते जास्त वाईट होतं. दुसऱ्या दवाखान्यात विचारता आलं असतं. फोन फिरवता आले असते. कुणाकडे जुळणारं मांजर असतं कदाचित, नसतंही. डॉक्टरने फोन उचलला. बहिणीचा नंबर लावला. बहिणीने उचलला तेव्हा तो म्हणाला, "ठमीला घेऊन ये. लगेच ये." ती म्हणाली, आले. तिच्या आवाजात आनंद होता, आणि त्याने फोन ठेवला.

ती धापा टाकत आली. तिला बाहेर बसवता आलं असतं. त्याने म्हटलंही, तू बाहेर बस. ती म्हणाली, छे, ठमी माझ्याशिवाय हलेल. तिने ठमीला टेबलावर घेतलं आणि छातीशी धरलं. ठमीच्या रक्ताचा थेंब त्याने दुसऱ्या काचेवर घेतला आणि त्यात मांजराचं पिवळं पाणी मिसळलं. पहिली काच तिथेच पडली होती. ती उचलायला त्याचा हात पुढे गेला, आणि मग त्याने तो मागे घेतला. का घेतला, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

दुसरा थेंब गुळगुळीत राहिला. एकसारखा, तांबडा, दाणा नाही.

"हे काय बघतोस?" बहिणीने विचारलं.

हे त्याला इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी विचारलं होतं, की उत्तर आपोआप सुरू झालं. त्याने सांगितलं, की मांजरांत गट असतात. न जुळणारं रक्त गेलं की हे अंगातलं पाणीच त्या परक्या पेशींवर तुटून पडतं, त्या फोडून टाकतं आणि मांजर हातचं जातं. हिचं जुळलं. बघ, किती साफ आहे. ती वाकली. मग तिने पहिल्या काचेकडे बोट केलं.

"आणि हे दाणे?"

"ते रेड्याचं."

ती काचेकडे बघत होती. डाग बघताना ती दुकानात अशीच बघायची, मान किंचित तिरकी करून. मग तिने टेबलावरच्या मांजराचं चपटं तोंड बघितलं, आणि आपल्या हातातल्या ठमीचं बघितलं.

"याला वेळ किती लागतो?"

"पाच-सात मिनिटं."

"बाईसाहेबांच्या वेळी मी त्या खुर्चीत बसले होते," ती म्हणाली. "काच मावशींनी ठेवली होती. तू सारलीस."

मावशी सलाइनच्या बाटलीत गुंतल्यासारख्या झाल्या. किल्लीवाल्याला यातलं काही कळत नव्हतं, तो आपला आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होता. अजूनही खोटं बोलता आलं असतं. दवाखान्यात त्या दिवशी दुसरी चाचणी केली होती, तुला दिसली नाही, असं काहीही. डॉक्टरला ते सुचलंसुद्धा.

"नव्हती केली," तो म्हणाला. "विषातून ती निघाली असती. मी दिलेल्या रक्ताने गेली."

बहिणीने ठमीची मान कुरवाळली.

"म्हणजे मी उशीर केला नव्हता."

"नाही."

"एवढे रविवार मी तुझ्यासमोर बसून तेच तेच बोलले. तू ऐकून घेतलंस."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, त्याला निदान मान खाली घालून उभं राहता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "घे हिचं रक्त. त्या बिचाऱ्याचं मांजर मरेल नाहीतर."

त्याने घेतलं. ती ठमीला घट्ट धरून उभी होती, आणि भावाला शीर पटकन सापडेना तेव्हा तिने ठमीचा पाय स्वतःच नीट करून दिला. ठमीचं रक्त किल्लीवाल्याच्या मांजराच्या अंगात थेंब थेंब जायला लागलं. मांजराने मान ताणली नाही, ओकलं नाही. हळूहळू त्याच्या हिरड्यांवर किंचित रंग आला, आणि किल्लीवाला भिंतीला पाठ टेकून खाली बसला. डॉक्टरने थोडं रक्त काढून फिरवलं. नळी उजेडात धरली. खाली लाल, मध्ये पांढरी रेघ, वर स्वच्छ पिवळं. त्याने ती कुणाला दाखवली नाही.

बहिणीने ठमीला टोपलीत घातलं, वर दुलईचा तुकडा टाकला. मावशींना म्हणाली, येते हं. किल्लीवाल्याने उठून तिला हात जोडले, तर ती त्याच्याशी हसून बोलली, मांजराचं नाव विचारलं, गच्चीला जाळी लावून घ्या म्हणाली. मग दाराकडे निघाली. डॉक्टर तिच्यामागे पायरीपर्यंत गेला. बाहेर चांगलं ऊन होतं. त्याच्या नव्या कोटाच्या बाहीवर रक्ताचा एक ताजा थेंब पडला होता. तिचं लक्ष तिथे गेलं, नेहमीसारखं, पण गार पाण्यात घाल, असं ती या वेळी म्हणाली नाही.

त्याला खूप बोलायचं होतं. आईने दोनदा तुझं विचारलं होतं, आणि तू येतेयस असं मी म्हणालो होतो, हेही सांगायचं होतं. ते त्याने अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पण तोंडून आलं ते भलतंच.

"रविवारी येशील ना जेवायला?"

तिने टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"कळवते," ती म्हणाली.